घरात ढेकूण झालेत, पूलमधला व्यायाम परत सुरू करू की थांबू?

सेक्टर१९_नेरूळ

नमस्कार मंडळी. दोन वेगळ्या गोष्टी आहेत पण माझ्या बाबतीत त्या एकमेकींत अडकल्यात म्हणून एकत्रच विचारते.

वय ५६, दोन्ही गुडघ्यांची झीज, उजव्याची जास्त. फिजिओने पाण्यातला व्यायाम सांगितला होता, आमच्या सोसायटीच्या पूलमध्ये सकाळी बायकांची बॅच असते तिथे मी नियमाने जात होते. पोहता येत नाही मला, छातीएवढ्या पाण्यात चालायचं, मग कठडा धरून पाय मागे पुढे, बाजूला, एवढंच. पण खरं सांगते, फरक इतका पडला होता की नेरूळ स्टेशनचा जिना मी मध्ये न थांबता चढायला लागले होते. मग पावसाळ्यात पूल बंद झाला, त्यानंतर सासूबाईंचं आजारपण, त्यात सगळं सुटलं ते सुटलंच आणि गुडघे परत पहिल्यासारखे कुरकुरायला लागले. आता कुठे जायचं ठरवलं तर घरात ढेकूण!

मुलगा पुण्याला पीजीत होता तो सामान घेऊन परत आला, तेव्हापासून सुरू झालं असा अंदाज आहे. आमचा बेड बॉक्सवाला, हायड्रॉलिक. हेडबोर्डच्या मागे प्लायच्या फटीत, स्क्रूच्या भोकांभोवती काळे काळे ठिपके दिसले, टॉर्च मारून बघितलं तर जिवंतच. पेस्ट कंट्रोलवाला येऊन फवारून गेला, थोडे दिवस शांत, मग परत सुरू. दंडांवर, मानेवर गांधी उठतात, रात्रभर खाजवणं चालू. बेडरूम बंद करून आम्ही दोघं हॉलमध्ये जमिनीवर गादी टाकून झोपतोय आणि सकाळी उठताना गुडघ्याचे जे हाल होतात ते विचारू नका.

आता प्रश्न. पूलच्या चेंजिंग रूममध्ये एकच लांब लाकडी बाकडं आहे, सगळ्यांच्या पिशव्या एकमेकींना चिकटून असतात. माझ्या पिशवीतून दुसऱ्या कोणाच्या घरी ढेकूण गेले तर मला कसं तोंड दाखवायचं? पाण्यातून पसरतात का? अंगावर चट्टे असताना क्लोरीनच्या पाण्यात उतरलेलं चालतं का? घर पूर्ण साफ होईपर्यंत थांबावं असं एक मन म्हणतं, पण फिजिओ म्हणतात आता अजून लांबवू नका. कोणी यातून गेलंय का?

पाचपाखाडीकर

ताई, आधी हे की ढेकूण झाले म्हणजे घर अस्वच्छ असं अजिबात नसतं, ते मनातून काढून टाका. त्यांना खरकटं, कचरा काही लागत नाही, त्यांना लागतं रक्त, आणि ते रोज फरशी पुसणाऱ्याच्या घरातही मिळतं. आमच्या घरी झाले होते, निघाले पण, म्हणून सविस्तर लिहितोय.

पाण्यातून पसरत नाहीत. ढेकणाला पंख नाहीत, उडी मारता येत नाही, उवांसारखा तो केसांत किंवा अंगावर मुक्कामही करत नाही. रात्री येतो, पाच दहा मिनिटं रक्त पितो आणि परत फटीत. त्यामुळे तुम्ही कॉस्च्युम घालून पाण्यात उतरलात तर कोणालाच धोका नाही. धोका आहे तो कापडी पिशवीचा, टॉवेलचा, आणि त्या लाकडी बाकड्याचा. म्हणजे पूल बंद करायची गरज नाही, पिशवी बंद करायची गरज आहे.

आम्ही काय केलं ते सांगतो. घरात रंगकाम झाल्यावर रंगाची झाकणवाली प्लास्टिकची बादली उरते ना, ती स्वच्छ धुऊन तीच मुलीची स्विमिंगची बॅग केली. गुळगुळीत प्लास्टिकवर ढेकणाला चढता येत नाही आणि झाकण घट्ट बसतं. ही बादली बेडरूममध्ये, हॉलमध्ये कुठेही ठेवायची नाही, ड्राय बाल्कनीत किंवा बाथरूममध्येच. त्यात जाणारा टॉवेल गरम पाण्यात धुतलेला, कडक इस्त्री मारलेला आणि इस्त्रीवरून थेट बादलीत, मध्ये पलंगावर टेकवायचा पण नाही. तुमचा पूल सोसायटीतच आहे तर सगळ्यात सोपं म्हणजे कॉस्च्युम घरूनच घालून वर गाऊन चढवून जायचं, बादली बाकड्यावर नाही तर टाइल्सवर ठेवायची, आणि परत आल्यावर गाऊन, टॉवेल थेट मशीनमध्ये. जाताना घालायचे कपडे बेडरूमच्या कपाटातून काढू नका, दोरीवरून वाळलेले उतरवून इस्त्री करून तेच घाला.

दुसरी गोष्ट, हॉलमध्ये झोपणं आजच बंद करा. जाणूनबुजून सांगतोय. माणूस जिथे झोपतो तिथे ढेकूण जातो, आपला श्वास आणि अंगाची ऊब त्यांना ओढते. बेडरूममधले ढेकूण उपाशी राहून मरतील असं वाटतं पण मोठा ढेकूण काही न खाता कित्येक महिने जगतो, तेवढ्यात तो तुम्हाला शोधत हॉलच्या सोफ्यात येऊन बसेल, आणि मग एका खोलीचं दुखणं दोन खोल्यांचं होतं.

बॉक्स बेडचं मात्र खरंच अवघड असतं कारण त्याला पायच नसतात, तो थेट जमिनीवर बसतो. सुतार बोलवून हेडबोर्ड आणि फळ्या सुट्या करायला लावा, नुसतं वरून फवारून काहीही होत नाही. बॉक्समधल्या गोधड्या, ब्लँकेटं, जुन्या साड्या सगळं मोठ्या प्लास्टिक पिशव्यांत गच्च बांधून मगच खोलीबाहेर काढा, उघडं घरभर फिरवू नका. आणि तोवर त्याच बेडरूममध्ये लोखंडी फोल्डिंग खाट टाका, भिंतीपासून लांब, चादर जमिनीला लागणार नाही अशी, आणि चारी पाय गुळगुळीत स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या वाट्यांत, वाट्यांच्या आत जरा टाल्कम पावडर. जमिनीवरून चढणारा ढेकूण वाटीत अडकतो. सकाळी वाट्या बघायच्या, किती कमी होतायत ते पण कळतं. खाटेच्या पाइपांची उघडी तोंडं टेपने बंद करा, नाहीतर ते आतच घर करतात.

मानपाडा_४००६०७

एवढं सगळं करण्यापेक्षा रॉकेलमध्ये कापूर घालून फटीत सोडा, आमच्या गावी तेच करतात. आणि गव्हात ठेवायच्या गोळ्या मिळतात त्या दोन तीन गादीखाली ठेवून घर बंद करा, एका दिवसात साफ.

पाचपाखाडीकर

@मानपाडा_४००६०७ राग मानू नका पण हे कृपा करून कोणी करू नका, आणि कोणाला सांगू पण नका. गव्हाच्या त्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, हवेतल्या ओलाव्यानेच त्यातून फॉस्फिन गॅस सुटतो आणि त्यावर उतारा नाही. आपल्याकडे फ्लॅटमध्ये या गोळ्या ठेवून माणसं गेलीत, कधी कधी तर गोळ्या ठेवणारा वेगळा आणि गॅस शेजारच्या घरात गेलेला. नवी मुंबईची हवा किती दमट असते माहितीय ना. आणि रॉकेल प्लायमध्ये मुरतं, बाजूला स्विचबोर्ड, आग लागायला काय वेळ लागतो? ढेकूण त्याने मरतात ते समोर दिसणारे, अंडी तशीच राहतात.

अजून एक, कोणी पेस्ट कंट्रोलवाला डायक्लोरव्हॉस मारतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, ते आपल्या देशात २०२० च्या शेवटी बंद झालंय, तरी जुन्या सवयीने मागितलं जातं. औषधाचं नाव विचारायचं, लेबल दाखवा म्हणायचं, त्यात लाज कसली.

ऐरोली_फिजिओ

ताई, ढेकणांचं वरती छान सांगितलंय, मी गुडघ्याचं बोलते कारण माझं रोजचं काम तेच.

थांबू नका. झीज झालेल्या गुडघ्याला आधार देतो तो मांडीचा पुढचा स्नायू आणि व्यायाम सुटला की सगळ्यात आधी तोच ढिला पडतो. तुम्ही छातीएवढ्या पाण्यात उभ्या राहिलात की पायांवर वजनाचा साधारण तिसरा हिस्साच येतो, कमरेएवढ्या पाण्यात साधारण निम्मा. म्हणून जमिनीवर जे दुखतं ते पाण्यात करता येतं. पण इथेच बरेच जण फसतात, पाण्यात हलकं वाटतं म्हणून पहिल्याच दिवशी आधीच्या बॅचएवढं सगळं करतात आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सुजून बसतो. खंड पडलाय ना, मग सुरुवातीला पंधरा वीस मिनिटं बस झाली, एक दिवसाआड. पुढे चाला, मागे चाला, आडवं चाला, मागे चालताना पावलाची टाच नीट टेकवा. पाय झुलवताना झटका नको, पाण्याचा विरोध जाणवेल एवढाच वेग. व्यायामानंतर दुखलं आणि दोन तासांत उतरलं तर ठीक, दुसऱ्या दिवशी सकाळी पण जास्तच असेल तर पुढच्या वेळी कमी करा, पण बंद करू नका.

तुमच्या पूलला उतरायला पायऱ्या आहेत की उभी स्टीलची शिडी? शिडी असेल तर उतरताना दुखरा पाय आधी खाली, चढताना चांगला पाय आधी वर. व्यायाम झाल्यावर बाहेर आलं की अंग एकदम जड लागतं, तेव्हा कठड्यावर दोन मिनिटं बसा मगच चाला, ओल्या टाइल्सवर पडणं हा आमच्याकडे येणाऱ्या पेशंटचा नेहमीचा किस्सा आहे.

आणि जमिनीवर झोपणं, त्याला माझाही कडक विरोध. जमिनीवरून उठताना गुडघा पूर्ण दुमडून त्यावर सगळं वजन येतं, म्हणजे पूलमध्ये कमावलेलं सकाळी तिथेच घालवायचं. वर सांगितलेली लोखंडी खाट तुमच्या गुडघ्यासाठी पण औषध आहे, फक्त उंची बघून घ्या, बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर यायला नकोत.

एक महत्त्वाचं राहिलं. खाज थांबवायला सेटिरिझिनसारखी गोळी घेत असाल तर त्याने काहींना गुंगी येते, सकाळपर्यंत उतरत नाही. गुंगीत पाण्यात उतरायचं नाही, पाणी छातीएवढंच असलं तरी. डॉक्टरांना सांगा की मी सकाळी पूलला जाते, त्या हिशोबाने ते गोळी किंवा वेळ बदलून देतील.

खारघर_सोसायटी

माझं मत थोडं वेगळं आहे. मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे आणि हा प्रकार आमच्या विंगमध्ये झालाय. ताईंना पूल बंद करा म्हणत नाही, पण गुपचूप जाऊ नका. ढेकूण भिंतीतल्या वायरिंगच्या पाइपांतून, पॅसेजमधून शेजारी, वर, खाली जातात. तुम्ही एकट्याने कितीही पैसे घालून फवारलं आणि शेजारच्यांकडे असतील तर परत येणारच. आमच्याकडे एका घराने लाजेपोटी सांगितलं नाही आणि होता होता त्या लाइनमधल्या सगळ्या घरांना करावं लागलं, शेवटी सगळ्यांनी एकाच दिवशी करून घेतलं तेव्हा सुटका झाली.

सेक्रेटरींना सांगा, वरच्या खालच्या आणि लागून असलेल्या घरांना सांगा. पूलच्या बॅचमधल्या बायकांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण मी असतो तर सांगितलं असतं आणि कमिटीकडून ते लाकडी बाकडं काढून प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीला हुक मागितले असते. लाकडी बाकडं ओल्या खोलीत असंही कुजतंच.

तलावपाळी_ठाणे

बॅचमध्ये सांगायचं या मताशी मी सहमत नाही. शेजाऱ्यांना सांगणं वेगळं, त्यांच्या घराचा प्रश्न आहे. पण बॅचमध्ये सांगितलं की उद्यापासून त्यांच्या शेजारी कोणी उभं राहणार नाही, मी असं होताना बघितलंय, आणि मग त्या ताई जाणंच सोडतील. बादलीचं पथ्य नीट पाळलं तर कोणाला काही होत नाही, मग का सांगायचं?

बरं मी लिहायला आले ते दुसऱ्याच कारणाने. मी बरीच वर्षं एका स्किनच्या दवाखान्यात काम करतेय. ताई, तुम्ही ढेकूण डोळ्यांनी बघितलेत ते ठीक, पण अंगावरचं सगळं ढेकणांचंच आहे असं धरून चालू नका, एकदा स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. ढेकूण सहसा उघड्या भागावर चावतो, हात, मान, चेहरा, कधी एका ओळीत दोन तीन. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेभोवती, काखेत बारीक पुरळ असेल आणि घरातल्या इतरांना पण खाज असेल तर ती खरूज असू शकते. खरूज असेल तर मात्र उपचार पूर्ण होईपर्यंत पूल, टॉवेल, सगळं बंद, ती माणसाकडून माणसाला लागते. आणि तुमच्या एसीच्या मागे किंवा डक्टमध्ये कबुतरांचं घरटं आहे का बघा, त्या घरट्यातले बारीक किडे पण चावतात आणि लोक उगाच पलंग जाळायला निघतात.

नुसत्या गांधी असतील, कातडी फुटलेली नसेल तर पाण्यात जायला हरकत नाही. खाजवून जखम झाली असेल, पाणी किंवा पू येत असेल तर ती सुकेपर्यंत थांबा, तुमच्यासाठी पण आणि बाकीच्यांसाठी पण. क्लोरीनने कातडी कोरडी पडते आणि कोरडी कातडी जास्त खाजते, म्हणून पाण्यात जायच्या आधी साध्या पाण्याने अंग ओलं करा, नंतर परत साध्या पाण्याची आंघोळ, आणि लगेच खोबरेल किंवा मॉइश्चरायझर. नखं बारीक कापा. चावल्यावर बर्फ किंवा कॅलामाइन. एक दिलासा, ढेकणांमुळे माणसांत रोग पसरतो असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे त्या बाबतीत घाबरू नका. झोप जाते तो त्रास मात्र खरा आहे.

सेक्टर१९_नेरूळ

तुम्हा सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, वाचता वाचता डोळ्यांत पाणी आलं. घरात मी सोडून सगळ्यांना वाटतं मी उगाच बाऊ करतेय, कारण नवऱ्याला चावलं तरी त्याच्या अंगावर काही उठत नाही.

रंगाची बादली घरात आहेच. सुताराला फोन केलाय. खाट बघते. शेजारच्या वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या त्यांच्याकडे पण मुलीला चावतंय आणि त्या डास समजत होत्या! आता दोघी मिळून करून घेऊ. बॅचमध्ये सांगायचं अजून ठरलं नाही, पण बाकड्याचं सेक्रेटरींना नक्की सांगणार. घरटं पण आहे हो, बेडरूमच्या एसीच्या मागे, मला कधी सुचलंच नाही बघायचं. डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेते.

अजून दोन शंका. पेस्ट कंट्रोल परत किती दिवसांनी करायचं, हा माणूस म्हणतो एकदाच बस आहे. आणि कॉस्च्युम पण गरम पाण्यात धुवायचा का? माझा गुडघ्यापर्यंतचा आहे, महागाचा घेतला होता.

पाचपाखाडीकर

एकदाच बस म्हणणाऱ्याला नमस्कार करून दुसरा शोधा. बहुतेक फवाऱ्यांनी अंडी मरत नाहीत, ती आपल्या हवेत साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून दुसरी फेरी दहा ते पंधरा दिवसांत हवीच, बाहेर आलेली पिल्लं मोठी होऊन परत अंडी घालायच्या आत. तिसरी पण लागू शकते, सुरुवातीलाच तसं बोलून पैसे ठरवा. शिवाय नेहमीच्या पायरेथ्रॉइड औषधांना आता बऱ्याच ठिकाणचे ढेकूण दाद देत नाहीत, पहिल्या फेरीला फरकच पडला नाही तर तेच औषध परत मारू नका म्हणून सांगा. फवारल्यावर भिंतीच्या कडा आणि बेडच्या फटी लगेच फिनाइलने पुसू नका, त्या औषधाने तिथे टिकायचं असतं, कामवाल्या मावशींना पण सांगून ठेवा. फवारणीची वेळ अशी घ्या की तुम्ही तेव्हा घराबाहेर असाल, नंतर ते सांगतील तितके तास बाहेर राहा आणि आल्यावर सगळ्या खिडक्या उघडा.

बाकी कपड्यांना ६० अंशांचा वॉश. फ्रंट लोड मशीन असेल तर तो प्रोग्राम असतो, नसेल तर धुऊन वाळल्यावर शिवणीवरून गरम इस्त्री फिरवा, ५५ अंशांच्या पुढे अंड्यांसकट मरतात. उन्हात गादी टाकून मात्र विसंबून राहू नका, वरचा थर तापतो आणि ते आतल्या गार भागात सरकतात.

ऐरोली_फिजिओ

कॉस्च्युम गरम पाण्यात अजिबात नको, त्यातलं इलॅस्टिक जातं आणि ढगळ कॉस्च्युम पाण्यात फुगून चालताना अडतो. क्लोरीननेही ते इलॅस्टिक कमजोर होतं, म्हणून पूलवरून आल्या आल्या साध्या गार पाण्यात खळबळून घ्या, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि ड्राय बाल्कनीत सावलीत वाळवा, वाळला की थेट बादलीत. बेडरूममध्ये तो कधी गेलाच नाही तर त्यात ढेकूण यायचं कारणच नाही. आत्ता कपाटात पडून असलेला पहिल्यांदा वापरणार असाल तर झिपलॉक पिशवीत घालून फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवा, उणे १८ पर्यंत जाणारा फ्रीजर हवा, आणि मग वापरा.

आणि ताई, शिडी की पायऱ्या ते तुम्ही सांगितलंच नाहीत.

सेक्टर१९_नेरूळ

पायऱ्या आहेत, कडेला रेलिंग पण आहे, उजव्या हाताला. कॉस्च्युम आत्ताच पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाकला, मटारच्या पाकिटांवर. डॉक्टरांनी जखम नाही असं सांगितलं की रोज पंधरा मिनिटं नाही, एक दिवसाआड पंधरा मिनिटं अशी सुरुवात करते.